उतारा

“किती उतारा पडला?”

आबांनी विचारलं तेव्हा मी स्टिअरिंगवर वही टेकवून भागाकार करत होते. कराडच्या अलीकडे एका पंपावर टाकी फुल केली होती आणि गाडी हवेच्या मशीनपाशी बाजूला घेतली होती. आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, त्यांना गावी सोडायला निघाले होते. काळा चष्मा, मांडीवर डोळ्यांच्या थेंबांची पिशवी, खिडकीची काच अर्धी खाली. जानेवारीतली सकाळ. पेट्रोलच्या वासातूनही रस्त्यापलीकडच्या फडातल्या दहिवरानं भिजलेल्या पाचटाचा वास येत होता. अॅव्हरेजला उतारा म्हणताना मी त्याआधी कुणालाच ऐकलं नव्हतं. उतारा हा उसाचा शब्द. शंभर किलो ऊस गाळला की साखर किती किलो निघाली, तो उतारा. पण आबांनी तो इतक्या सहज वापरला की मला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

“सोळा पॉइंट नऊ,” मी म्हटलं. “१६२ किलोमीटर, ९.६ लिटर.”

“आन् आधी?”

“गाडी घेतली तेव्हा याच रस्त्याला अठरा पडायचा. अठराला जरा वरच.”

“पेट्रोलात आपलं ते इथेनॉल घालत्यात म्हून?”

“बरंचसं त्यामुळंच.”

आबा थोडा वेळ समोर बघत बसले. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, “मग भाव कमी केला आसंल की.”

मी नाही म्हटलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पेठ नाका आला, इस्लामपूरचा फाटा आला, गावची कमान आली. आबा बोलले ते थेट अंगणात उतरल्यावर, तेही म्हशीशी.

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्यात तक्रार नव्हती. उतारा कमी पडला की भाव कमी होणारच, इतकी साधी गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती. त्यांचा सगळा जन्म त्या हिशेबात गेला आहे. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान भाव, कशी ठरते ते आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल: २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि उतारा त्याच्यावर गेला की दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. म्हणजे टन हा नुसता टन नसतो, त्याच्या पोटात किती साखर आहे ते बघून त्याची किंमत ठरते. काट्यावर वजन बघायचं आणि प्रयोगशाळेत गोडी. या दोन आकड्यांपायी आमच्याकडे रस्ते अडवले गेले, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडली गेली, माणसं तुरुंगात जाऊन आली. त्या माणसाला मी सांगत होते की पंपावर मात्र लिटर म्हणजे लिटर, आत काय आहे ते कुणी विचारत नाही.

वहीची सवय मला आबांचीच. त्यांच्याकडे कारखान्याची लाल पुठ्ठ्याची डायरी असते आणि हंगामात तिची पानं घामानं फुगतात. प्रत्येक खेपेचं वजन दोनदा लिहिलेलं: आधी गावाबाहेरच्या खाजगी काट्यावरचं, मग कारखान्याच्या काट्यावरचं. तिसऱ्या रकान्यात फरक. मी शाळेत असताना रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ट्रॉलीच्या टपावर त्यांच्याबरोबर बसलेली आहे. उसाच्या कुसळांनी हात कचकचायचे, पुढं-मागं ट्रॉल्यांची रांग आणि वर चिमणीचा धूर. वजन झालं की आबा पावती दिव्याच्या उजेडात धरायचे आणि ओठ न हलवता वजाबाकी करायचे. फरक पन्नास किलोचा असला तरी त्यांची झोप जायची. पैशापेक्षा आपल्याला कुणी कमी मापलं, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

माझी वही निळी आहे. २०१४ साली जुनी दुचाकी विकून ही छोटी गाडी घेतली त्या दिवसापासूनची. शहरातलं अॅव्हरेज मी फारसं मनावर घेत नाही, तिथं सिग्नल ठरवतात. पण गावच्या वाटेला वेगळी पानं आहेत. पुण्यात निघताना फुल, कराडला फुल, पहिल्या ऑटो-कटला नोझल बाहेर. पंपावरची मुलं सवयीनं राउंड फिगरसाठी आणखी दाबतात, त्यांना आधीच सांगावं लागतं की थेंबसुद्धा वर नको. टायरची हवा आदल्या दिवशी बघायची, वेग ऐंशीच्या आसपास. पहिल्या चार वर्षांची सरासरी १८.१. २०२२ च्या सुमाराला १७.५. आता १६.९. गाडीचं वय झालंय, कराडच्या पुलाच्या कामानं कितीतरी वेळा रांगेत उभं राहायला लागलं, हेही त्याच पानांच्या कडेला लिहिलेलं आहे. सगळा दोष एकट्या इथेनॉलवर मी ढकलणार नाही. तरी हिशेब मांडला की तो जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि तेच मला स्वस्थ बसू देत नाही.

एक लिटर पेट्रोल जाळलं तर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉल जाळलं तर २१. याचं कारण त्या रेणूच्या घडणीतच आहे. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे चुलीत घालायच्या आधीच लाकूड थोडं जळून आल्यासारखं. आता पंपावर मिळतं तसं ऐंशी भाग पेट्रोल, वीस भाग इथेनॉल मिसळलं की लिटरची ताकद ३२ वरून २९.८ वर येते, सात टक्क्यांच्या जवळ घट. माझे १८.१ त्यानं गुणा, १६.८५ येतात. वहीत १६.९. २०२२ मधल्या दहा टक्के मिश्रणाचा हिशेब करा, १७.५ येतात. वहीतही १७.५. वहीतला आकडा असा कागदावरच्या आकड्याशी नेमका जुळेल याची मला सवय नाही, म्हणून मी तो हिशेब तीनदा केला.

आणि गाडी चालवताना यातलं काही कळत नाही. पिकअप तसाच, आवाज तसाच. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघतो, जास्त दिसला की इंजेक्टर क्षणभर आणखी उघडा ठेवायला लावतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच, म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. इंजिन आपली भूक गुपचूप भागवून घेतं. कळतं ते टाकीला, आणि टाकीला वही असेल तर माणसाला. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची ताकद, मात्र चढा असतो, हा त्याचा खरा गुण. त्या गुणासाठी घडवलेलं, जास्त दाबाचं इंजिन यातली काही तूट भरून काढू शकतं. माझं २०१४ चं इंजिन त्यासाठी घडवलेलं नाही. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांचंही नाही.

हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात स्वच्छ लिहिलं आहे की जुन्या घडणीच्या, दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचं अॅव्हरेज वीस टक्के मिश्रणानं सहा-सात टक्क्यांनी घटेल, दुचाकींचं तीन-चार टक्क्यांनी. त्याच कागदात हेही सुचवलं आहे की या घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळावं. हे वाचलं तेव्हा मला आबांचा आवाज ऐकू आला. दिल्लीतल्या अहवालात आणि आमच्या अंगणात एकच वाक्य. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानं खुलासा केला: तो अहवाल झाला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता खरेदीची सरासरी लिटरला ७१.३२ रुपयांवर गेली आहे आणि शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडते. घट मात्र नव्या गाड्यांना एक-दोन टक्के, बाकीच्यांना तीन ते सहा, फार नाही, असं त्यांचं म्हणणं. १ सप्टेंबर २०२५ ला बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानंही फेटाळली. मला पर्यायसुद्धा नको आहे. पंपावर लिटरच्या शेजारी उतारा लिहिलेला हवा आहे.

माझं वर्षाचं रनिंग दहा हजार किलोमीटर. १८.१ नं ५५२ लिटर लागायचे, १६.९ नं ५९२ लागतात. चाळीस लिटर, आजच्या भावानं चार हजारांच्या आसपास. एवढ्यानं माझं घर अडत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या पोराचं, दिवसभर मुलांना शाळेत सोडणाऱ्या रिक्षावाल्याचं अडू शकतं.

पण माझ्या वहीला दुसरी बाजू आहे, आणि ती लाल पुठ्ठ्याची आहे.

उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचं हा कायदा १९६६ चा, पण माझ्या लहानपणी चौदा दिवस म्हणजे आमच्याकडे पुढचा दसरा असायचा. साखर गोदामात पडून, भाव नाही, कारखान्याकडे पैसा नाही. आईच्या पाटल्या दोनदा सोसायटीच्या कर्जापायी गेल्या, एकदाच परत आल्या. साखर काढून उरलेल्या मळीला तर कुणी विचारायचं नाही. कारखान्यामागच्या ओढ्याला आंबलेल्या गुळासारखा जड वास यायचा, पावसाळ्यात मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे. २००१ साली पेट्रोलात इथेनॉल घालायचे पहिले प्रयोग मिरज, मनमाड आणि बरेलीला झाले तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होते, मिरज बसनं अर्ध्या तासावर. वर्गात कुणी त्याचा उल्लेखही केला नाही. २०१८ नंतर मात्र सगळं बदललं. कारखान्यानं कर्ज काढून आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, वाढवली, मळीला दर आला, नुसत्या रसापासून इथेनॉल करायला परवानगी मिळाली. तेल कंपन्यांचे पैसे आठवड्यांत येतात, साखरेसारखे वर्षभर अडकत नाहीत. आबांच्या पहिल्या उचलीचा मेसेज डिसेंबरात वेळेवर यायला लागला. धाकट्याचं लग्न त्यातच झालं, घरावर स्लॅब त्यातच पडला. ते मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यातलंच आहे. म्हणजे कराडजवळ माझ्या शेजारच्या सीटवर जो डोळा काळ्या चष्म्याआड झाकलेला होता, तो माझ्या टाकीतून गेलेल्या किलोमीटरांनीच थोडाफार बरा झाला होता.

हे मला खरंच आवडतं. चार हजार रुपये आबांच्या शिवारात जाणार असतील तर मी आनंदानं देईन. पण ते सगळे तिथं जात नाहीत. देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल आता मक्यातून आणि तांदळातून येतं. आणि उसावर दिल्लीचा हात कधी फिरेल याचा नेम नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला, साखरेची चिंता पडली, तर ७ डिसेंबरला, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. नंतर ती थोडी सैल केली, पुढच्या हंगामाला उठवली. पण त्या डिसेंबरात आबा रोज सकाळी कारखान्यावर जाऊन यायचे आणि चहा न पिता झोपायचे. कर्जाच्या आसवनीवर चिमणीचा धूर नव्हता.

शिवारातसुद्धा माप सगळ्यांचं सारखं होत नाही. आमच्या फडात बीडकडची टोळी येते. टोळी मोजतात कोयत्यांत. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन वाजता डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई त्या शब्दात अर्धी असते, आणि उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा असतो. लहानपणी मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. एका हंगामात पालाच्या दाराशी एक बाई बसली होती, बाळंत होऊन बारा दिवस झालेली, वाढ्यांची पेंढी बांधत. आईनं तिला डिंकाचा लाडू दिला, तिनं तो मोडून मोठ्या मुलीला दिला. एक कोयता म्हणजे आत किती माणसं, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजलं.

पाण्याचंही तसंच. नीती आयोगाच्याच आकड्यांनी एक टन उसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघतं, आणि उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागतं. माझ्या वर्षाच्या ५९२ लिटरांत पाचवा हिस्सा, ११८ लिटर, इथेनॉल. ते सगळं उसाचं धरलं तर पावणेदोन टन ऊस, एका बैलगाडीचा माल, आणि तीन लाख लिटरांहून जास्त पाणी. आमच्या वाळवा तालुक्यात कृष्णा आहे म्हणून हे पचतं, आणि तेही फुकट नाही. नदीकाठच्या आमच्या खालच्या रानात पाणी पाजून पाजून माती पांढरी झाली आहे. क्षारपड. उन्हाळ्यात त्यावरून चाललं की चपलेखाली मीठ चुरल्यासारखं करकरतं. आबांनी तिथं चर काढले, ताग गाडला, गेली सहा वर्षं अर्धा एकर माघारी आणायला झटतायत. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथंही मी उभा ऊस पाहिला आहे, आणि तो लावणाऱ्याला नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही, कारण ठरलेला भाव देणारं दुसरं पीक त्याच्याकडे नाही.

ब्राझीलमध्ये १९७५ पासून हे चाललं आहे, तिथलं साधं पेट्रोलही २०२५ च्या ऑगस्टपासून तीस टक्के मिश्रणाचं आहे. पण तिथल्या पंपावर इथेनॉल वेगळ्या नोझलला, वेगळ्या भावानं मिळतं, आणि गाडीवाल्यांना एक तोंडी हिशेब पाठ असतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तर ते घ्यायचं, नाहीतर पेट्रोल. म्हणजे सगळा देश पंपावर उभा राहून उतारा मोजतो. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. उसाचे लोक आहेत, त्यांना कळणारच, असा तो चेहरा होता.

त्या मुक्कामात, दुसऱ्या दिवशी, चुलतभावाचा फवारणी पंप अडला होता. पेट्रोलवरचा, पाठीवर घ्यायचा. कार्बोरेटर उघडला तर आतली रबरी पट्टी फुगून मऊ झालेली. त्यानं मला विचारलं की खरंच एवढं असतं का त्यात. मग आम्ही अंगणाच्या टोकाला, चुलीपासून लांब, औषध मोजायचा खुणांचा उंच मापा घेतला. १० मिलि पाणी ओतलं, त्यावर १०० मिलि पेट्रोल. पाणी खाली, स्वच्छ, दहाच्या रेघेवर. तोंडाला झाकण लावून त्यानं मापा चार-पाच वेळा उलटा-पालटा केला आणि कट्ट्यावर ठेवला. आधी सगळं दुधाळ झालं. मग हळूहळू वरचा नारिंगी रंग उजळत गेला, मधे काचेच्या तुकड्यासारखी एक रेघ तयार झाली, आणि ती रेघ आता दहावर नव्हती. तीसच्या जवळ होती. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यानं आपल्याकडे ओढून घेतलं होतं.

आबा बाजेवरून उठून आले. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं, म्हणून मी मापा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, नवा डोळा बारीक केला आणि खालच्या थरावर बोट ठेवलं.

“ह्ये आपलं?”

“काही आपलं, काही मक्याचं.”

“तुला दाखवून ओतत्यात का पंपावर?”

“नाही आबा.”

त्यांनी मापा माझ्या हातातून घेतला, उजेडाकडे केला, आणि रेघेवरचा आकडा दोनदा वाचला. त्यांना बारीक आकडे वाचता येत होते, महिन्यांनंतर पहिल्यांदा. मग त्यांनी मापा जपून कट्ट्यावर ठेवला आणि पाणी सोडायला रानात निघाले. डोळ्याला धूळ लागेल म्हणून आईनं हाक मारली, तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी दुपारी मी परत निघाले. कारखान्याच्या गेटमधून एक चकचकीत टँकर बाहेर पडत होता, मागे लाल अक्षरांत ‘अतिज्वलनशील’ लिहिलेलं, आणि त्याच्या पुढे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या आत जायला थांबल्या होत्या. आसवनीचा तो जुना जड वास काचा लावूनही आत आला. लहानपणी मला त्याची शिसारी यायची. आता तो आला की गाव जवळ आहे किंवा गाव मागे पडलं, एवढंच मनात येतं. टँकरच्या मागे मागे मी हायवेपर्यंत गेले, तिथं तो मिरजेकडे वळला.

कराडला फुल. पुण्यात पोचल्यावर घराजवळच्या पंपावर फुल. दार उघडून पिशव्या ठेवतेय तोच फोन वाजला.

“पोचलीस का?”

“आत्ताच. थेंब टाकले का तुम्ही?”

“टाकलं. किती पडला?”

मी वही उघडली. “सतरा पॉइंट एक. वाटेत गर्दी नव्हती.”

पलीकडे लाकडी खण ओढल्याचा आवाज आला, मग पानं उलटल्याचा.

“थांब,” आबा म्हणाले. “लिवून घेतो. लिटर किती गेलं त्ये आधी सांग.”